चार नंबरच्या खिडकीची यादी

"अकरा वाजता अर्ज आत, बारा वाजता मी घरात," मोजपट्टीनं सकाळच्या चहाला जाहीर केलं. हे तिनं इतक्या ठामपणे सांगितलं, की समोर बसलेल्या बाबांनी नकळत घड्याळाकडे पाहिलं, जणू बारा वाजतच आले आहेत.

मोजपट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण जी मुलगी जिना चढताना पायऱ्या मोजते, जेवताना घास मोजते, आणि तासाला सरांनी किती वेळा 'म्हणजे' म्हटलं याची वहीच्या कडेला नोंद ठेवते, तिला वर्गानं दुसरं काय म्हणावं? वर्गानं ठेवलेलं नाव घरात आलं आणि घरातल्या मांजरासारखं उबेला बसलं. आता आईच तेवढी तिला 'बाळा' म्हणायची, तेही राग नसेल तेव्हा.

"आणि ते ऑनर्स ऑनर्स म्हणतेस, त्याला परीक्षा नाही?" बाबांनी विचारलं. बाबा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे. कुठलीही गोष्ट डोळ्यांजवळ धरून, उलटसुलट करून पाहिल्याशिवाय त्यांना पटायची नाही.

"परीक्षा नाही. अर्ज, आणि संशोधनाचा आराखडा. दोन पानं."

"लिहिलीस?"

"दीड."

"आणि उरलेलं अर्धं?"

"ते आजच घडणार आहे, बाबा. घडायच्या आधी कसं लिहू?"

आईनं कप खाली ठेवला. तो ठेवण्यातच तिचं मत आलं होतं, तरी तिनं बोलूनही दाखवलं. "आज शेवटची तारीख. पाचला खिडकी बंद. आणि ही म्हणते, अर्धं अजून घडायचंय."

आता हे अर्धं काय, ते सांगायला हवं. मोजपट्टी विद्यापीठात संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. ऑनर्सच्या, म्हणजे निवडक मुलांच्या संशोधन-वर्गाच्या, अर्जाला अट अशी, की आराखड्यात स्वतः केलेलं निदान तासाभराचं निरीक्षण हवं. तिचा विषय होता, 'माणूस रांग केव्हा सोडतो'. विषय तिला कुठल्या पुस्तकात सापडला नव्हता, तो तिच्या अंगाखांद्यावर वाढला होता. आई एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी बसायची. आलेल्या माणसाचं नाव विचारायचं, नंबर द्यायचा आणि म्हणायचं, "बसा, होईल." शाळा सुटली की मोजपट्टी त्याच टेबलाच्या एका कोपऱ्यावर गृहपाठ करायची. पाढे संपले की माणसं मोजायची. त्यातूनच तिच्या ध्यानात आलं होतं, की रांग जागची हलली नाही, तर माणूस अकरा मिनिटं दम धरतो आणि बाराव्या मिनिटाला उठून चालू लागतो. अकरा मिनिटं. हा तिचा स्वतःचा शोध होता, आणि पहिलं फूल आलेल्या रोपासारखं ती त्याला जपत होती.

म्हणून बेत असा, की विद्यापीठाच्या कचेरीत चार नंबरच्या खिडकीशी, शेवटच्या दिवशी गर्दी होणारच. तासभर बाजूला उभं राहून ती गर्दी बघायची, तिथंच अर्धं पान लिहायचं आणि त्याच खिडकीत अर्ज द्यायचा.

"निरीक्षण माझ्याकडे येऊन करायचंस की," आई म्हणाली. "माझ्याकडे रोज रांग असते."

"तुझ्याकडे मला सगळे ओळखतात. निरीक्षक कुणाच्या नजरेत भरता कामा नये, आई. तो असून नसल्यासारखा पाहिजे."

"ते जमेल तुला," आई म्हणाली, आणि लगेच तिचं तिलाच वाईट वाटलं.

कारण ते खरं होतं. मोजपट्टीच्या वर्गात एकशे चाळीस मुलं. ती मागून चौथ्या बाकावर, खांबाच्या आड. दोन वर्षांत एकाही शिक्षकानं तिला नावानं हाक मारली नव्हती. हजेरीत ती सत्त्याण्णव होती. "सत्त्याण्णव." "हजर." एवढाच तिचा आणि विद्यापीठाचा संवाद. आणि मग एकदा वरच्या मजल्यावरून जाताना तिला एका दाराच्या काचेतून ऑनर्सचा वर्ग दिसला. एक लांब टेबल, भोवती बारा खुर्च्या. शिकवणाऱ्या बाई पाठमोऱ्या होत्या. त्यांनी एका मुलीला काहीतरी विचारलं आणि त्या गप्प राहिल्या. ती मुलगी विचार करत होती, आणि बाई तिची वाट बघत होत्या. मोजपट्टीनं सवयीनं मोजलं. पुरे चाळीस सेकंद. आपण काय विचार करतो याची कुणीतरी चाळीस सेकंद वाट बघावी, या एका गोष्टीवर तिचा जीव जडला तो जडलाच.

तर ती दहाला पाच मिनिटं असताना कचेरीत पोचली. लांबलचक ओसाड बोळ, एका भिंतीला पाच खिडक्या, समोरच्या भिंतीला दोन बाकं. चार नंबरची खिडकी, कुठलाही अर्ज शिक्का मारून आत घेणारी, साडेदहाला उघडणार होती. समोर चिटपाखरू नव्हतं. मोजपट्टी खिडकीपासून चार हात लांब, भिंतीला पाठ लावून उभी राहिली, वही उघडली आणि झोकात लिहिलं : 'दहा वाजून पाच. रांग : शून्य.'

सव्वादहाला एक आजोबा आले. गळ्याला घट्ट मफलर, हातात जुनी फाइल. त्यांनी बंद खिडकी पाहिली, वहीवाली मुलगी पाहिली आणि विचारलं, "इथं शेवटचं कोण?"

आता इथं मोजपट्टीनं "मला ठाऊक नाही" म्हणायचं होतं. पण बारा वर्षं दवाखान्याच्या टेबलाशी वाढलेली ती जीभ. जांभई आल्यासारखं तिच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही पहिलेच. बसा, होईल."

आणि हातही तसाच वाढलेला. शास्त्राच्या नियमानं नाव लिहायचं नव्हतं, म्हणून तिनं खूण लिहिली : '१. मफलर.'

आजोबांनी ते लिहिणं पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. कचेरीत येऊन, न मागता, पहिल्याच मिनिटाला आपली नोंद झाली, असं त्यांच्या उभ्या आयुष्यात घडलं नव्हतं. ते बाकावर जाऊन सावकाश बसले. थोड्या वेळानं दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली एक बाई आली आणि थेट खिडकीकडे निघाली.

"तिकडे नाही, आधी ताईंकडे नोंद करा," आजोबा म्हणाले.

'२. दोन पिशव्या.' मग '३. सारखा खोकतो.' '४. चप्पल तुटलेली.' साडेदहाला खिडकी उघडली तेव्हा यादी नवावर होती. आत जे एकटेच कारकून बसायचे, त्यांनी झडप वर केली, बाहेर डोकावून पाहिलं. खिडकीसमोर कोणी उभं नव्हतं. समोर बाकांवर आणि पायरीवर नऊ माणसं शांतपणे बसली होती, आणि शेजारी एक गंभीर मुलगी घड्याळ बघत वहीत काहीतरी टिपत होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि लिहिलं, 'खिडकी उघडली.'

कारकुनांनी डोकं झटकन आत घेतलं. आली, तपासणी आली. कधीतरी वरून कोणीतरी न सांगता येतं आणि खिडक्या वेळेवर उघडतात का ते लिहून नेतं, असं ते वीस वर्षं ऐकून होते. ते पाठ ताठ करून बसले, शिक्का उजवीकडे सरळ ठेवला, आणि पहिलं माणूस येण्याची वाट पाहू लागले.

पहिलं माणूस, म्हणजे मफलरवाले आजोबा, ताई नंबर पुकारतील याची वाट पाहत होते. बाकीचे आजोबा उठण्याची वाट पाहत होते. आणि ताई, म्हणजे मोजपट्टी, रांग केव्हा हलते याची वाट पाहत होती.

अशी तिन्ही बाजूंनी वाट बघणं सुरू झालं. कोणी भिंतीला टेकलं, कोणी जिन्याला, कोणी नुसतं आपल्या नशिबाला. मोजपट्टीनं लिहिलं, 'अकरा मिनिटं झाली. रांग हलली नाही. कोणीही गेलं नाही.' मग, 'वीस मिनिटं. कोणीही गेलं नाही.' चाळीस मिनिटांनी तिनं घड्याळ कानाला लावून पाहिलं. तिचा शोध डोळ्यांदेखत मोडत होता. पण जे घडत होतं ते त्याहून नवलाचं होतं. अकरा वाजले, तिनं पाहिलंच नाही. बारा वाजले, घर कुठं आठवतंय?

यादी वाढत गेली. एक नंबरच्या खिडकीची माणसं इकडे आली, कारण तिकडे नुसती रांग होती आणि इकडे यादी होती.

"इथं काय मिळतंय?" एकानं विचारलं.

"माहीत नाही, पण पद्धतशीर आहे," चप्पल तुटलेला म्हणाला. तो विचारणाराही 'सव्वीस' होऊन बसला.

वॉचमन आला. त्यानं यादी पाहिली, ताठ बसलेले कारकून पाहिले, आणि काही न विचारता कुठूनतरी एक टेबल आणि खुर्ची आणून ठेवली. "मॅडम उभ्या कशाला?" मॅडम बसल्या. आता तर शंकेला जागाच उरली नाही. कडेवर लेकरू असलेली बाई आली, तिला सगळ्यांनी एकमतानं चप्पल तुटलेल्याचा चौथा नंबर दिला, आणि त्याला तिचा. सतरा आणि अठरामध्ये वाजलं, ते मोजपट्टीनं वेळ दाखवून मिटवलं. एक तरणा गडी मध्येच उठून खिडकीकडे निघाला, तर वीस गळे एकदम म्हणाले, "ओ, नंबरानं." तो गडी ओशाळून मागे आला. आतून कारकुनांनी फक्त एवढंच पाहिलं, की एक माणूस येता येता परत गेला. त्यांनी झडप आणखी थोडी वर केली, आणि चेहऱ्यावर जमेल तेवढं हसू आणलं.

एक ते दीड जेवणाची सुट्टी. झडप खाली आली, झडप वर गेली. जागचं कोणी हललं नाही.

पावणेदोनला एकसष्टावं माणूस आलं. चष्मा लावलेल्या, काखेत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा धरलेल्या एक बाई. मोजपट्टीनं त्यांना एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं, नोंद केली आणि म्हणाली, "बसा, होईल."

"केव्हा?" बाईंनी विचारलं.

हा प्रश्न सकाळपासून कोणीच विचारला नव्हता. तेवढ्यात बोळाच्या टोकाला तिची आई दिसली. हातात डबा. बारा वाजता घरी येणारी पोर दीडलाही आली नाही, म्हणून दवाखान्याच्या दुपारच्या सुट्टीत ती शोधायला निघाली होती. आईनं बोळाच्या तोंडाशीच थांबून सगळ्यावर एक नजर फिरवली. साठ-एकसष्ट माणसं, एक टेबल, एक वही, आणि समोर उघडी, रिकामी खिडकी. पंधरा वर्षं ज्या बाईनं बाहेरची खोली सांभाळली, तिला हे कळायला किती वेळ लागणार?

"बाळा, आत कोण गेलंय?"

"आत? कोणी नाही."

"मग पहिला नंबर पाठवला का नाहीस?"

"मी कशाला पाठवू? मी तर निरीक्षण करतेय."

आईनं डबा काखेत मारला. मग बाकाकडे वळली. "पहिले कोण?"

"मी," मफलरवाले आजोबा उठले. "पण ताईंनी पुकारलं नाही अजून."

"आता मी पुकारते. जा."

आजोबा खिडकीशी गेले. आत कारकुनांनी त्यांचा हात जवळजवळ धरलाच. "या, या. मी साडेदहापासून रिकामा बसलोय. मला वाटलं, आज कोणी येणारच नाही."

हे शब्द बोळभर ऐकू गेले. साठही माना एकदम टेबलाकडे वळल्या. मोजपट्टीला वाटलं, आपण वहीच्या दोन पानांत दडून जावं आणि कुणीतरी वही मिटावी.

"म्हणजे," दोन पिशव्यावाली सावकाश म्हणाली, "हिला कोणी बसवलंच नव्हतं?"

"खुर्ची मी आणली," वॉचमन म्हणाला, "पण ती काहीच बोलली नाही."

"पोरगी माझी आहे," आई म्हणाली. "चूक झाली तिची. भांडायचं असेल तर भांडू, पण भांडण करता करता पाच वाजतील. नंबर दोन, पिशव्या इथं ठेवून जा. नंबर तीन, कागद हातात काढून ठेवा. पिशवीत शोधायचं नाही, खिडकीत बोलायचं नाही, आणि खोकायचं असेल तर आत्ता खोकून घ्या."

एक वाजून पंचावन्न मिनिटांनी रांग हलली, आणि मग अशी सरकू लागली जशी सुईमागून दोऱ्याची रेघ. पहिली दहा माणसं अर्ध्या तासात झाली. माणशी तीन मिनिटं. मोजपट्टीनं अर्ध्या पानावर निरीक्षण लिहून काढलं, अर्जाला जोडलं, टाचणी लावली, आणि तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं, की यादीत ती स्वतः कुठंच नाही.

"आई, अकराव्याच्या आधी माझं एवढं दे ना घेऊन. एकच अर्ज आहे."

"तुझा नंबर कितवा?"

"आई!"

"तुझे बाबा तापानं फणफणले होते, तेव्हा त्यांना मी चौदावा नंबर दिला होता. त्यांनी तक्रार केली का? ग्लानीत होते, ती गोष्ट वेगळी. लिही शेवटी."

बाकं कान टवकारून ऐकत होती. मोजपट्टीनं यादीत शेवटी स्वतःला लिहिलं. बासष्ट. आईनं खाली रेघ मारली. "आता नवीन नाव नाही."

बासष्ट गुणिले तीन, एकशे शहाऐंशी मिनिटं. एक पंचावन्नपासून मोजली, तर पाच वाजून एक मिनिट. मोजपट्टीनं गणित तीनदा केलं. प्रत्येक वेळी ते एक मिनिट तिथंच बसलेलं, दातात अडकल्यासारखं.

आता तिला काय हवं होतं? एक माणूस. रांग सोडणारं फक्त एक माणूस. ज्या गोष्टीचा अभ्यास करायला ती आली होती, ती गोष्ट एकदाच, एवढी एकदाच घडायला हवी होती. ती बाकाबाकाशी फिरू लागली.

"काका, तुम्हाला उद्या आलं तर चालेल ना? उद्या इथं अगदी शुकशुकाट असतो."

"अहो ताई, चौतिसावा नंबर आहे माझा. तुम्हीच दिलात. आता सोडून जाऊ?"

"मावशी, घरी मुलं वाट बघत असतील."

"बघू दे. त्यांना कळेल तरी, आईची वाट बघणं म्हणजे काय."

अठ्ठावन्न नंबरचे गृहस्थ भिंतीला डोकं टेकून गाढ झोपले होते. त्यांच्याकडे पाहून मोजपट्टीच्या मनात आशेचं पाखरू फडफडलं. ती चवड्यावर चालत त्यांच्याजवळ गेली, आसपासच्यांना तोंडावर बोट ठेवून गप्प केलं, आणि ऊन त्यांच्या डोळ्यांवर येत होतं म्हणून आपली फाइल आडवी धरून उभी राहिली. एखाद्या आईनं लेकराला जपावं तसं तिनं त्या परक्या माणसाची झोप अर्धा तास जपली. मध्येच एकदा तिला स्वतःचीच लाज वाटली. फाइल मात्र तिनं खाली घेतली नाही.

"अठ्ठावन्न," आईनं पुकारलं, अशा आवाजात की दवाखान्यात बहिरे रोगीसुद्धा उठायचे. गृहस्थ उठले. "फार छान झोप लागली," ते मोजपट्टीला म्हणाले. "थँक्यू हं."

मध्ये तेवीस नंबरनं चार अर्ज काढून अकरा मिनिटं खाल्ली होती, तर चाळीस, एक्केचाळीस आणि बेचाळीस एकाच घरचे निघून तिघांचं मिळून एका शिक्क्यात भागलं होतं. गणित कधी पुढे, कधी मागे. पाचला सहा मिनिटं कमी असताना साठावा खिडकीशी होता. बाकावर उरल्या त्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या बाई आणि त्यांच्या शेजारी मोजपट्टी.

"तुम्हाला घाई असेल," तिनं शेवटचा प्रयत्न केला.

"आहे."

"मग उद्या..."

"उद्या उपयोग नाही. आजच पाचच्या आत दिलं पाहिजे." बाईंनी लाल पेन न थांबवता विचारलं, "यादी तूच केलीस ना? मग स्वतःला शेवटी का?"

"लिहायलाच विसरले."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. तेवढ्यात खिडकीतून कारकुनांचा आवाज आला. सकाळचं सगळं हसू वापरून संपलं होतं. "पाच वाजत आले. आता एक. शेवटचा एक."

बाई उठल्या. दोन पावलं गेल्या आणि वळल्या. "तुझं काय आहे गं?"

"ऑनर्सचा अर्ज. आज शेवटची तारीख आहे."

बाईंनी आपल्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या अर्जाकडे. "मग तू जा आधी."

मोजपट्टीचा पाय उचलला गेला. हे लपवण्यात अर्थ नाही, कारण मफलरवाल्या आजोबांनी पाहिलं होतं. त्यांचं काम कधीच झालं होतं, पण शेवट काय होतो ते बघायला ते थांबले होते. दोन पिशव्यावालीही थांबली होती. एक पाऊल पडलं, दुसरं अर्धवट राहिलं. दिवसभर तिनं एकेकाला नंबर दाखवून मागे बसवलं होतं. तो तरणा गडी ओशाळून परत गेलेला तिला आठवला. तिनं पाय मागे घेतला.

"नाही. एकसष्ट तुम्ही आहात."

बाई गेल्या. कागद आत गेला. शिक्का पडला, ठक्क. झडप खाली आली, खर्रर्र. बोळात एवढे दोनच आवाज झाले. आईनं डबा उघडला आणि तसाच मिटला. मोजपट्टी अर्ज छातीशी धरून उभी राहिली. वरच्या मजल्यावरचं ते लांब टेबल तिच्या डोळ्यांसमोर आलं, आणि बाराही खुर्च्या एकेक करून पाठ फिरवून बसल्या.

"हे फळ्यावर लावून टाका," बाई वॉचमनला म्हणत होत्या. शिक्का मारलेला कागद त्यानं खिडकीशेजारच्या फळ्यावर डकवला. आजोबांनी तो नाकाजवळ जाऊन वाचला, आणि मोठ्यानं वाचला : ऑनर्सच्या वर्गासाठी अर्ज करण्याची मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत वाढवण्यात येत आहे.

मोजपट्टीला आधी काही उमगेना. "तुम्ही..."

"ऑनर्सचं मी बघते," बाई म्हणाल्या. "बारा जागा, आणि कालपर्यंत अर्ज आले दोन. पाच झाले नाहीत तर वर्ग बंद करतात. मुदतवाढीचं पत्र दोनदा शिपायाबरोबर पाठवलं, दोनदा हरवलं, म्हणून आज स्वतः आले. आणि बघते तर काय, एरवी ओस असणाऱ्या खिडकीशी माणसांचा पूर."

"म्हणजे मी आधी गेले असते, तर..."

"तर तुझा अर्ज पोचला असता. पोचायला वर्ग उरला नसता."

मोजपट्टी मटकन बाकावर बसली. जरा वेळानं तिच्यातलं मोजणं जागं झालं. "म्हणजे आता माझा तिसरा."

"तुझा कुठं आलाय अजून?" बाई म्हणाल्या. "वही बघू."

त्यांनी पानं उलटली. मफलर, दोन पिशव्या, तुटकी चप्पल. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. "तुझं अनुमान काय होतं?"

"रांग हलली नाही, तर माणूस अकरा मिनिटांनी उठून जातो."

"आणि इथं?"

"साडेतीन तास हलली नाही. एकही गेलं नाही."

"का?"

बाई गप्प राहिल्या. बोळात उन्हाची तिरीप लांब झाली होती, आणि बाकावर कुणीतरी विसरलेली एक टोपी होती. तिनं त्या टोपीकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं. दवाखान्यात नंबर असतो, पण तो आई तोंडी सांगते आणि विसरून जाते. इथं काय वेगळं होतं? आजोबांच्या चेहऱ्यावर सकाळी पसरलेलं समाधान तिला आठवलं.

"मला वाटतं," ती हळू म्हणाली, "कारण कोणीतरी त्यांना लिहून घेतलं होतं."

बाईंनी मान डोलावली. "मग तेच लिही. अकरा मिनिटं खोडून टाक. सोमवारी अर्ज दे, आणि आधी दे, मग कुठं उभं राहायचं तिथं राहा." वही परत देता देता त्यांचं बोट शेवटच्या पानावर थांबलं. "एकसष्ट नंबर मी ना?"

मोजपट्टीनं वही ओढायचा यत्न केला, पण उशीर झाला होता. तिथं तिच्याच नीटनेटक्या अक्षरात लिहिलं होतं : '६१. तोंड आंबट. सारखं घड्याळ. पाच मिनिटांत जातील.'

बाईंनी ते सावकाश वाचलं. मग काखेतल्या गठ्ठ्यातून लाल पेन काढलं, ओळीच्या शेजारी काहीतरी लिहिलं, गठ्ठा सावरला आणि बोळातून निघून गेल्या.

आई टेबल-खुर्ची वॉचमनला परत देऊन लगबगीनं आली. "काय गं, काय म्हणाल्या? घेतला का अर्ज?"

"नाही. सोमवारी." मोजपट्टीनं वही पुढे केली. पहिल्या अर्ध्या ओळीवर बरोबरची खूण होती, दुसऱ्या अर्ध्या ओळीवर फुली, आणि शेजारी गोलात आकडा.

"दहापैकी पाच?" आई म्हणाली. "आणि यांच्याकडे शिकायला तू मरतेयस?"

"तोंड आंबट, याला पूर्ण पाच दिलेत, आई," मोजपट्टी म्हणाली, आणि तिथंच बाकावर बसल्या बसल्या तिनं डबा उघडला.